दुसरीच्या पायलीत

आमच्या घरात 'एक' हा आकडा नव्हता. आण्णा, म्हणजे माझे वडील, कल्याणला खाडीच्या अंगाला असलेल्या भातगिरणीवर मापारी होते. गाड्या भरभरून भात यायचं ते पायलीने मापून घ्यायचं, आणि तांदूळ होऊन निघाला की तोही मापून द्यायचा, हे त्यांचं काम. मापारी माणूस पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. एक म्हटलं की रास तिथेच आटते अशी समजूत. सकाळी गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की त्याच्यावरून आण्णांचा आवाज आमच्या ओटीपर्यंत यायचा, 'लाभेऽ लाभ, दोनेऽ दोन, तिनेऽ तीन', आणि प्रत्येक आकडा पायली रिकामी होईपर्यंत ते सुरात धरून ठेवायचे, म्हणजे मध्ये कोणी बोललं तरी विसर पडू नये. आळीतल्या बायका त्या आवाजावर आपली कामं लावायच्या. आई म्हणायची, शंभरी ऐकू आली की आमटीला फोडणी द्यावी, तोवर डाळ शिजलेली असते. ही सवय आण्णा घरीही आणायचे. जेवायला पाट मांडले की ते उभ्याने एकेकाच्या डोक्यावर पंजा ठेवून मोजायचे, आणि मी, म्हणजे वच्छी, थोरली म्हणून पहिला पंजा माझ्या डोक्यावर पडायचा. 'लाभ' म्हणायचे, मग माझे धाकटे भाऊ दोन आणि तीन. शाळेत पहिल्यांदा उजळणी म्हणायची वेळ आली तेव्हा मी 'लाभ, दोन, तीन' अशी सुरुवात केली आणि सगळा वर्ग हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी स्वतःला लाभच समजत होते.

पायलीचं थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. त्या काळी मापं गावागणिक वेगळी असायची. मुरबाडकडून आलेल्या गाडीवानाची पायली वेगळी, टिटवाळ्याच्या शेतकऱ्याची वेगळी, भिवंडीच्या व्यापाऱ्याची आणखी वेगळी. शिवाय कोणी शीग धरून मापायचं, म्हणजे पायलीवर धान्याचा ढीग राहील तेवढा राहू द्यायचा, तर कोणी वरून काठी फिरवून शीग पाडायचं. दहा पायल्या म्हणजे नेमकं किती यावर रोज भांडण. आण्णांकडे त्यावर एकच औषध होतं. दोन्ही पायल्या समोर ठेवायच्या, एकाच पोत्यातला तांदूळ आधी एकीत भरायचा आणि मग तोच दुसरीत ओतायचा. सांडला तर दुसरी लहान, उणा पडला तर मोठी. मग गाडीवान मुकाट्याने बिडी पेटवायचा आणि पोती उतरायला लागायची. आण्णांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलं होतं, पण जगात मापता येत नाही असं काही असतं हे त्यांना पटत नसे.

मंदा आमच्याकडे आली ती मोगलाईतून. म्हणजे जालन्याहून, निजामाचं राज्य गेलेलं होतं, पण आमच्याकडे जुनी माणसं अजून मोगलाईच म्हणत. ती माझी आतेबहीण, आण्णांच्या एकुलत्या एका बहिणीची मुलगी. आत्या वारली, मंदाच्या वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आणि मॅट्रिकचे पेपर देऊन झाल्यावर मंदा एक पत्र्याची ट्रंक घेऊन मामाकडे राहायला आली. पहिल्या दिवशी जेवताना आण्णांचा पंजा पाटांच्या रांगेवरून फिरला आणि मंदाच्या डोक्यावर टेकला. 'लाभ,' ते म्हणाले. मी दोन झाले. ती पाहुणी आहे, बहिणीची आठवण म्हणून तेवढीच उरली आहे, हे सगळं मला कळत होतं, तरी त्या दिवशी वालाचं बिरडं मला गोड लागलं नाही. पुढे तिचं पाहुणेपण संपलं, तसे आण्णा दाराजवळ जी बसेल तिच्यापासून मोजायला लागले. मग दाराजवळचा पाट धरायला आम्ही दोघी लग्नाच्या वयाच्या घोड्या धावायचो आणि आई आतून ओरडायची.

मंदाला भाताने पोट भरल्यासारखं वाटत नसे. रेशनवर तेव्हा तांबडी ज्वारी मिळायची, आमच्या आळीत ती कोंबड्यांपुढे टाकत. मंदाने ती दळून आणली आणि भाकऱ्या थापायला बसली. आईची तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने, आवाज न करता थापली जायची, मंदाची धपाधप. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं की या वेळी धुणं कोणी काढलंय. दोनचार दिवसांत माझे भाऊ आईची भाकरी सोडून तिची मागायला लागले, वर 'लई ग्वाड झाली' अशी तिचीच नक्कल करायला लागले. ती शिकली होती सगळं उर्दूत. तिकडे शाळा उर्दूच होत्या. बोलायची मराठी, पण लिहायला बसली की पेन उजवीकडे टेकायचं, मग तिला आठवायचं आणि ती ते उचलून डावीकडे आणायची. दुपारी आम्ही दोघी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायचो आणि ती मला तिच्या पुस्तकातल्या गोष्टी सांगायची, मी तिला माझ्या. खडे बाजूला पडत, बोलणं चालू राही, आणि हे बोलणं पुढे नडणार आहे याची कोणाला कल्पना असायचं कारण नव्हतं.

त्याच वर्षी मीही परीक्षा दिली होती आणि माझी परीक्षाही लोकांच्या ओळखीची नव्हती. आधी सगळे मॅट्रिक होत. ती विद्यापीठाची परीक्षा. मॅट्रिक झालेला माणूस आळीत कुठे राहतो हे पोस्टमनला पत्ता न वाचता ठाऊक असायचं. ती जाऊन नुकतीच एस्. एस्. सी. नावाची नवी परीक्षा सुरू झाली होती. निकालानंतर मी पेढे घेऊन गेले तर शेजारच्या काकूंनी पेढा हातात धरून विचारलं, म्हणजे मॅट्रिक नाही ना झालीस? मी म्हटलं, मॅट्रिकच, पण नाव दुसरं. त्यांनी पेढा खाल्ला, पण समाधान झालेलं दिसलं नाही. मंदाचा निकाल मागाहून टपालाने आला, तो उर्दूत. तो वाचून दाखवायलाही घरात मंदाशिवाय कोणी नव्हतं.

आण्णांनी निकालाआधीच शब्द देऊन ठेवला होता. आईचे हात त्या वर्षी संधिवाताने धरले होते. सकाळी बोटं मिटत नसत, भाताचं पातेलं चुलीवरून उतरवायला कोणीतरी लागायचंच. म्हणून दोघींपैकी एकीने मुंबईला कॉलेजात जायचं आणि एकीने घर बघायचं. जिचे गुण जास्त ती जाईल, असं आण्णा म्हणाले, आणि त्यांना वाटलं प्रश्न मिटला. मला जायचं होतं. कॉलेज म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं, तरी जायचं होतं. मंदाला तर माझ्याहून जास्त गरज होती. तिच्या वडिलांचा निरोप आला होता की पोरगी पुढे शिकणार असेल तर राहू द्या, नुसती घरकामाला असेल तर परत पाठवा, इकडे एक बिजवर बघून ठेवला आहे. म्हणजे मी गेले तर मंदा जालन्याला जाऊन बोहल्यावर चढणार, आणि ती गेली तर मी चुलीपुढे बसणार. एका आरशात वेण्या घालताना आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळायला लागलो. मला तिचा राग यायचा आणि त्याच क्षणी तिची दया यायची, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता गुण. ते आकडे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर वाचणारा पेन्सिल घेऊन बसेल आणि आम्ही फसलो तिथेच फसेल. नुसती बेरीज पाहिली तर मंदाची मोठी. पण तिची परीक्षाच जास्त गुणांची. शेकडा काढला तर मी किंचित वर. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की मोगलाईत पास व्हायलाच कमी गुण लागतात. दुसरा म्हणाला, छे, तिकडचे तपासणारे महा कडक. आण्णा म्हणाले, म्हणजे कोण शीग धरतो आणि कोण पाडतो तेच कळत नाही. माझ्या बेरजेत शरीरशास्त्र आणि आरोग्य असा एक विषय होता, तिच्या बेरजेत फारसी. फारसीचे गुण भारी की आरोग्याचे? माझा धाकटा भाऊ म्हणाला, आरोग्याचे, कारण फारसीने खोकला जात नाही. मंदा वर्गात पहिली, पण तिच्या वर्गात परीक्षेला बसलेल्या मुली दोनच; माझा नंबर बराच खालचा, पण आमचा वर्ग शिगोशीग भरलेला. रोज कोणी ना कोणी ओटीवर येऊन नवीन हिशेब मांडायचं. त्या हिशेबांत सकाळी मी कॉलेजला जायची आणि संध्याकाळी मंदा.

शेवटी आण्णांनी डोंबिवलीहून करमरकर मास्तरांना बोलावलं. डोंबिवली तेव्हा भाताच्या खाचरांमधलं गाव होतं. नोकरीतून मोकळे झालेले काही लोक तिथे स्वस्त जागा पाहून राहायला गेले होते, मास्तर त्यातले. त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं औरंगाबादेकडे गेली होती, म्हणून दोन्हीकडचं त्यांना कळेल असा आण्णांचा हिशेब. मास्तरांना उर्दू बोललेलं समजायचं, लिपी मात्र येत नव्हती. त्यांनी पाटीवर बरंच काही मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं, आणि लसणाची चटणी लावून दोन भाकऱ्या खाल्ल्यावर सांगितलं की दोन्ही परीक्षा आपापल्या जागी योग्य आहेत. आण्णा म्हणाले की हे उत्तर नव्हे. मास्तरांनाही ते मान्य होतं.

परवा माझी नात मला घोडबंदर रोडवरच्या तिच्या उंच घरात बसून हेच समजावत होती. तिने दोन प्रवेशपरीक्षा दिल्यात. एकीत तिला मिळालं ते पर्सेंटाइल, दुसरीत गुण, पण पेपर वेगवेगळ्या दिवशी झाले म्हणून ते गुण सारखे करून घेतलेले. 'आजी, नॉर्मलायझेशन म्हणतात त्याला.' मी विचारलं, म्हणजे तोच तांदूळ दोन्हीत ओतून बघतात का? ती म्हणाली, कसला तांदूळ? खाली रस्त्यावर गाड्या खोळंबून भोंगे वाजवत होत्या आणि तिचा बाप फोनवर कोणाला तरी विचारत होता की हिचं जास्त धरायचं की हिच्या मैत्रिणीचं. त्याच्या कपाळावर अगदी आण्णांसारख्या आठ्या पडलेल्या होत्या. घरी आल्यावर मी हे लिहायला घेतलं.

तर आण्णांना उपाय सुचला तो गिरणीवर, माप चालू असतानाच. दुपारी घरी आले ते हातपाय न धुता मंदाला म्हणाले, तुझ्या परीक्षेचे पेपर ट्रंकेत आहेत का? प्रश्नपत्रिका तिने जपून ठेवल्या होत्या, मीही ठेवल्या होत्या. आण्णांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षा म्हणजे पायली आणि पोरी म्हणजे तांदूळ. मंदा तिच्या पायलीत किती भरली ते कळलं, वच्छी तिच्या पायलीत किती भरली तेही कळलं, अडलंय ते पायल्या वेगळ्या म्हणून. मग वच्छीला मंदाच्या पायलीत ओता आणि मंदाला वच्छीच्या. आई म्हणाली, अहो, पोरी आहेत त्या. पण दुसरं काही तिलाही सुचत नव्हतं. पुन्हा बोलावून आणलेल्या मास्तरांनी मान डोलावली. त्यात कुठे खोट आहे हे त्यांना दिसलं नाही, मलाही दिसलं नाही, आणि मंदाने तर लगेच ट्रंक उघडली. फारसी माझ्याच्याने होण्यासारखी नव्हती, म्हणून इतिहास आणि गणित एवढे दोनच विषय ठरले.

ओटीवर दोन पाट मांडले, मास्तर झोपाळ्यावर बसले, भावांना परसात हाकललं. आण्णांनी गिरणीवर निरोप धाडून जोडीदाराला मापावर बसवलं होतं. आधी मी मंदाच्या पेपराला बसले. पेपर उर्दूत, म्हणजे तो मला वाचून दाखवायचा तो मंदानेच. ती आधी उर्दूत वाचायची, मग मराठीत सांगायची. मलिक अंबरने जमीन कशी मोजली आणि त्याने रयतेचा काय फायदा झाला, असा एक प्रश्न होता. माझ्या शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर आला तसा गेला होता. पण मंदा तो प्रश्न ज्या आवाजात वाचत होती तो तांदूळ निवडतानाचा आवाज होता, आणि तो कानावर पडल्याबरोबर मला सूप आठवलं, खडे आठवले, आणि त्या खड्यांबरोबर मलिक अंबर, त्याची पाण्याची नहर, त्याची शेतं, सगळं एकामागून एक हाताखाली यायला लागलं. तिने मला एक अक्षर सांगितलं नाही. मास्तर समोर बसले होते, आणि मंदा सांगणाऱ्यांतली नव्हतीच. गणिताचंही तसंच झालं. तिच्याकडची उदाहरणं वेगळ्या तऱ्हेने मांडलेली होती, पण ती वाचताना जिथे थांबायची तिथेच पायरी असायची.

दुसऱ्या दिवशी मंदा माझ्या पेपराला बसली. वाचायला तिला येत होतं, पण मराठीत भराभर लिहिणं जमेना. पेन सारखं उजव्या कडेला जाई. तासभर बघून मास्तर म्हणाले, ही सांगू दे आणि वच्छीने लिहावं. आण्णांनी विचारलं, याने मापात फरक नाही ना पडत? मास्तर म्हणाले, हात कोणाचा का असेना, डोकं हिचंच. मग ती बोलत गेली आणि मी लिहीत गेले. पदरचा शब्द मी एकही घातला नाही. पण ती थांबली की मी 'पुढं?' म्हणायची. उत्तर जिथे पुरं झालेलं नसे तिथेच माझ्या तोंडून ते निघे, कारण आमच्या शाळेत कारणं झाली की परिणाम लिहायची सवय लावलेली होती. 'पुढं?' म्हटलं की ती डोळे मिटायची आणि आणखी सांगायची. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की ही मला हरवणार. पेन थांबलं नाही एवढं खरं, पण ते का थांबलं नाही हे मला सांगता येणार नाही.

मास्तर पेपर तपासून चार दिवसांनी आले. आण्णांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. मास्तरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, मंदाच्या पेपरात वच्छीला मंदापेक्षा जास्त गुण पडले आहेत. मंदाने खाली बघितलं. मग मास्तर म्हणाले, आणि वच्छीच्या पेपरात मंदाला वच्छीपेक्षा जास्त.

'परत बघा,' आण्णा म्हणाले.

मास्तरांनी परत बघितलं. तेच. आण्णा उठले, अंगणात गेले, परत आले. 'म्हणजे हिला तिच्या पायलीत ओतली तर ही सांडते, आणि तिला हिच्या पायलीत ओतली तर ती सांडते. मग मोठी कोण?' परसातून धाकट्याने विचारलं की निकाल लागला का. मला हसावं की रडावं कळेना. मी जिंकले होते आणि हरलेही होते, मंदाही जिंकली होती आणि हरली होती, आणि कोण कुठे जाणार हे परीक्षेआधी जेवढं माहीत नव्हतं त्याहून आता कमी माहीत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात आण्णा जेवताना आम्हाला मोजेनासे झाले. नुसते पाटावर बसायचे आणि भात कालवायचे. गिरणीवर तर त्याहून वाईट झालं. एके सकाळी माप चालू असताना त्यांचा आवाज मध्येच थांबला. आळीत बायका हातातलं काम टाकून दारात आल्या, कारण तो आवाज असा कधी थांबलेला कोणी ऐकला नव्हता. आण्णा आकडा विसरले होते. गाड्या खोळंबल्या, रास पुन्हा पहिल्यापासून मापावी लागली. त्यांचे जोडीदार काशिनाथकाका घरी येऊन आईला सांगून गेले की बायो, पोरींचा काय तो निकाल लाव, नाहीतर हा माणूस गिरणी बुडवील. त्यांचं स्वतःचं मत असं होतं की एखाद्या पायलीच्या बुडाला पोचा आला असेल.

त्याच संध्याकाळी जालन्याहून पुन्हा विचारणा आली. मंदा भाकरी थापत होती. तिचा धपाधप आवाज बंद पडला, तशी मी चुलीपासून वळून बघितलं. ती पिठाच्या हातांनीच ओटीवर गेली आणि आण्णांपुढे उभी राहिली. 'मामा, मला माघारी धाडू नका. कालेजात नाही घातलं तरी चालतंय. इथंच राहू द्या, मी सगळं करीन. वच्छीला जाऊ द्या, तिचंच जास्त हाय.'

मी तिच्या मागोमाग गेले होते. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला आनंद होईल. झाला नाही. मी म्हणाले, 'खोटं बोलते ही, आण्णा. माझ्या पेपरात हिलाच जास्त पडले. मी लिहिलेत ना, मला माहितीय.'

आण्णांनी मान वर केली. 'तू लिहिलेस?' ते म्हणाले. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, ते तिथेच बसलेले होते. पण त्यांच्या डोक्यात ते आत्ता शिरलं. 'आणि तिचे तुला वाचून कोणी दाखवले? मंदाने.' मग त्यांनी स्वतःचा तळहात पुढे धरून पाहिला. मापाऱ्याचा हात, बोटांच्या पेरांत तुसाची धूळ मुरलेली. 'वेगळा तांदूळ नव्हताच,' ते म्हणाले. 'मिसळून गेलाय. मिसळलेली रास निवडता येत नाही. ती एकत्रच उचलायची असते.'

तेव्हा आई चौकटीतून म्हणाली, 'मग एकत्रच उचला.'

आण्णा म्हणाले, 'आणि पातेलं? तुझी बोटं मिटत नाहीत.'

'तुम्ही उतरवा.'

आळीत त्या वेळी चूल पेटवणारा पुरुष नव्हता. जे होते त्यांच्या बायका बाळंतपणाला गेलेल्या. आण्णांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वयंपाकघरात आले, तांदळाचा डबा उघडला आणि सवयीने 'लाभेऽ लाभ' म्हणून मापटं भरलं, तेही शीग धरून. जन्मभर तांदूळ मापलेल्या माणसाने भात कधी लावलेला नव्हता. तो इतका झाला की काशिनाथकाकांच्या घरी पातेलं पाठवावं लागलं, तरी संध्याकाळी उरला. पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे रोज फोडणीचा भात असायचा. आईने त्यांना शीग पाडायला सांगून पाहिलं. घरच्या माणसांना शीग पाडून घालायचं त्यांच्या हाताला जमलं नाही.

कॉलेजात नाव घालायला ते आम्हा दोघींना घेऊन मुंबईला आले. धुतलेला कोट, डोक्याला टोपी, आणि बगलेत चारही पेपर आणि मास्तरांची पाटीवरून उतरवून घेतलेली आकडेमोड. कोणी विचारलंच तर सगळं नीट सांगता यावं म्हणून वाटेत त्यांनी ते पाठ म्हणून बघितलं. खिडकीतल्या कारकुनाने माझा निकाल पाहिला, बाजूला ठेवला. मंदाचा उलटासुलटा करून पाहिला आणि एका प्राध्यापकांना हाक मारली. ते येऊन म्हणाले, चालेल, तिकडची मॅट्रिक आहे ही, एक दाखला मागवून घ्या म्हणजे झालं. कारकुनाने मान हलवली. आण्णा थांबून राहिले. मग त्यांनी विचारलं, 'साहेब, पण या दोघींत जास्त कोणाचं?' कारकुनाने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू तो प्रश्न त्याला त्या खिडकीत आजवर कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, दोघी पास आहेत, जागा आहेत, जास्त-कमी कशाला बघायचं? सगळा उन्हाळा आम्ही जे मापत होतो ते त्या खिडकीत कोणाला नकोच होतं. आण्णांना याचा राग येईल असं मला वाटलं. ते नुसते गोंधळलेले दिसले, गाडीवान भाव न करता पोती टाकून निघून गेला तर दिसायचे तसे.

'किती मुली तुमच्या?' कारकुनाने मान खाली घालून विचारलं.

मंदा आणि मी खिडकीपाशी खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. आण्णांनी कितीतरी दिवसांनी पंजा उचलला, रांगेतल्या लोकांसमोर एकीच्या डोक्यावर ठेवला आणि गिरणीवर म्हणायचे तशा आवाजात म्हणाले, 'लाभ.' मग दुसरीच्या डोक्यावर ठेवून, 'दोन.' मागे कोणीतरी हसलं. कारकुनाने दोन लिहिले.

आम्ही दोघी शिकलो. मी गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन शेवटी मराठी घेतलं. मंदाने इतिहास घेतला आणि तो जन्मभर मराठीतून शिकवला, फळ्याच्या डाव्या कडेपासून. जालन्याचा बिजवर तिने कधी पाहिलाही नाही. आमचं एकाच गोष्टीवरून शेवटपर्यंत भांडण राहिलं. त्या खिडकीशी लाभ कोण होतं? मी म्हणायची, मंदा. मला पक्कं आठवतं, पंजा आधी तिच्याकडे गेला, तिची वेणी दबली. मंदा म्हणायची, काय बोलायलीस, वच्छे, तुझ्याच डोक्यावर होता, मी बघितलाय. आण्णांना आम्ही एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मापताना मापारी पायलीकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो.

मंदा गेली त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटच्या भेटीतही तिने तेच सांगितलं, अंथरुणावरून, माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बोट दाखवून. आता ती वाद घालायला नाही, तेव्हा मी हे लिहून ठेवते आणि यावर कोणी मला खोडू नये. पहिला हात तिच्या डोक्यावर होता.